टकलूचा डावा डोळा

इस्पितळात सगळे त्यांना काटेकोरकाकू म्हणत, आणि काकूंना ते मनातून आवडायचं. वरवर त्या म्हणायच्या, "पुरे, कामाला लागा," पण चेहऱ्यावरची खुशी काही लपायची नाही. सव्वीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी डोळ्याची लांबी मोजायची, बुबुळाची गोलाई मोजायची, आणि मोतीबिंदू काढल्यावर आत जी लेन्स बसवायची तिचा नंबर काढून द्यायचा. डॉक्टरांच्या हाताला कितीही जस असलं तरी आकडाच चुकला तर पेशंटला धुरकटच दिसणार, हे त्या येता-जाता ऐकवायच्या. ऐकणाऱ्याला नको असलं तरी.

मोठ्या माणसाचा डोळा मोजणं सोपं. "इथे बघा" म्हटलं की तो बघतो. तान्ह्या बाळाला कोण सांगणार? त्याला भूल द्यावी लागते आणि मग ऑपरेशनच्या टेबलावरच, दहा-पंधरा मिनिटांत, मोजायचं. शिवाय डोळा इवलासा. मोठ्या डोळ्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्यावर निभावतं, इवल्याशा डोळ्यात तेवढ्यानं होत्याचं नव्हतं होतं. त्यामुळे बाळाचं ऑपरेशन असलं की काकूंना सकाळी चहासुद्धा गोड लागायचा नाही.

आज तसलाच दिवस होता. बाळ पाच महिन्यांचं, दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालेलं, आज डाव्याचं. डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, म्हणून पहिल्याच दिवशी काकूंनी त्याला टकलू म्हटलं आणि मग सगळं इस्पितळ त्याला टकलू म्हणायला लागलं. आईलाही राग आला नाही. तीसुद्धा खिडकीपाशी उभी राहून, "टकलूचं नाव कितवं आहे हो यादीत?" असं विचारायची.

आता ती बाहेरच्या बाकावर बसली होती आणि टकलू उपाशीपोटी आकांत करत होता. भूल द्यायची म्हणून पहाटेपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. आईचे डोळे तारवटलेले. चष्मा काढून तिनं पिशवीत ठेवला होता, म्हणजे टकलूचा. एवढ्याशा पोराला चष्मा, तोसुद्धा भिंगासारखा जाड, डोक्यामागून इलॅस्टिकनं बांधायचा.

"काकू, अजून माझ्याकडे बघून हसत नाही हो," आई म्हणाली. "शेजारणीचं बाळ याच्याहून लहान आहे. ते कसं ओळखतं."

"हसेल. आत्ता कुठे एक डोळा उघडलाय त्याचा," काकू म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या मनाला काहीतरी लागलं.

कारण दहा दिवसांपूर्वी टकलूच्या उजव्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर काढला होता तो काकूंनीच. एका हातात डोळ्यात उजेडाची पट्टी पाडणारी बॅटरी, दुसऱ्या हातात एकामागून एक भिंगं. नंबर आला नऊ. यायला हवा होता पाच. काकूंनी पुन्हा पाहिलं, पुन्हा नऊ. पोरगं तर गुरासारखं ओरडत होतं, मान हलवत होतं, डोळा धड उघडत नव्हतं. काकूंनी चिठ्ठीवर नऊ लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ऑपरेशन करणाऱ्या मॅडमना सांगितलं, "रडत होतं हो. पाचच असणार. माझी मोजणी एवढी चुकायची नाही." मॅडम नव्या. सव्वीस वर्षांच्या अनुभवी बाईंनी छातीठोकपणे सांगितल्यावर त्या काय बोलणार? जवळचं दिसावं म्हणून एक वाढवून त्यांनी सहाचा चष्मा लिहून दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा बघू." ते तिथेच मिटलं. पण तो नऊचा आकडा काकूंच्या डोक्यातून काही हलत नव्हता.

"एक विचारू?" आईनं टकलूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "आज याला लेन्स घालणार. पण हा तर वाढणार. डोळा पण वाढेल ना? मग मोठेपणी ती कशी पुरेल?"

काकू खूश झाल्या. असं विचारणारं माणूस वर्षा-दोन वर्षांतून एखादंच भेटतं. त्या शेजारीच टेकल्या. "म्हणूनच पुरेपूर नंबरची घालत नाही. डोळा लांब झाला की आजची लेन्स जास्तीची होते. म्हणून आजच पाचवा हिस्सा कमी करायचा. आज जे कमी पडतं ते चष्म्यानं भरून काढायचं. पोर वाढेल तसा चष्मा उतरत जातो."

"म्हणजे वाढत्या अंगाचं शिवतात तसंच!" आईचा चेहरा जरा उजळला. तिच्या घरचं शिवणाचं दुकान होतं, मुलांच्या कपड्यांचं. "आज बाह्या दुमडायच्या, पुढल्या वर्षी सोडायच्या."

"अगदी तसंच."

"आमच्याकडे एकदा गंमत झाली होती. माप सासरे घेतात, कापते-शिवते मी. लग्न होऊन महिना झाला असेल. एका पोरीचा फ्रॉक आला. मामंजींनी चिठ्ठीवर माप लिहितानाच वाढ धरली होती. मला कुठे ठाऊक? मी कापताना आणखी धरली. पोर घालून उभी राहिली तर फ्रॉक कुठे आणि पोर कुठे!" ती हसली, पण हसू मध्येच विझलं, कारण टकलूनं पुन्हा सूर लावला होता. त्याच्या पाठीवर थोपटत तिनं विचारलं, "इथे वाढ कोण धरतं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"मग बरंय. तुमच्यावर सोडलं."

आतून सिस्टरनं हाक मारली. आईनं टकलूला द्यायला हात पुढे केले, पण बोटं काही सुटेनात. शेवटी काकूंनीच एकेक करून ती सोडवली.

आत भूल देणारे डॉक्टर तयारीत होते. जाडजूड, मिश्कील माणूस, पण बाळ टेबलावर आलं की त्यांची नजर पडद्यावरच्या ठोक्यांवरून हलायची नाही. "या टकलूशेठ," म्हणत त्यांनी नाकावर मास्क धरला. आरडाओरडा हळूहळू कमी झाला, मुठी उघडल्या, आणि खोलीत नुसता यंत्राचा टिक टिक आवाज उरला. काकूंना हा क्षण कधीच आवडायचा नाही. रडणारं पोर परवडलं, असं त्यांना वाटायचं.

"घ्या काकू, तुमची पाळी," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "दाबू नका म्हणजे झालं."

"मी? दाबणार?" काकू फणकारल्या. तेवढ्यातही. लांबी मोजायची सळई डोळ्याला टेकवून मोजलं तर हात जरासा जड पडला तरी मऊ डोळा दबतो आणि लांबी कमी भरते. म्हणून काकू डोळ्यावर छोटी वाटी बसवायच्या, तिच्यात पाणी भरायचं आणि सळई पाण्यात धरायची, डोळ्याला स्पर्शसुद्धा नाही. वेळखाऊ काम. पाण्यात एक बुडबुडा राहिला तरी सगळं मुसळ केरात. त्यांनी वाकून बुडबुडा शोधला, काढला, श्वास रोखला आणि दहा वेळा मोजलं. दोन मोजण्या बाद केल्या. बाकीच्या आठ एकमेकींना चिकटून होत्या. अठरा पूर्णांक सहा. काकूंच्या जिवात जीव आला.

मग बाजूच्या टेबलावर हिशेब. पुरेपूर नंबर आला चौतीस. पाचवा हिस्सा वजा, सत्तावीस. काकूंनी चिठ्ठीवर सत्तावीस लिहिलं, भोवती गोल काढला आणि चिठ्ठी सिस्टरला दिली.

एकच आकडा, गोलात. ही शिस्त इथल्या जुन्या डॉक्टरांची, मोठ्या सरांची. पंचवीस वर्षं काकूंनी त्यांच्याबरोबर काम केलं होतं. सर म्हणायचे, "काकू, मला दोन आकडे देऊ नका. दोन दिसले की मी नेमका नको तो उचलतो. एकच द्या, शेवटचा." काय वजा करायचं, काय नाही, ते सगळं काकूंकडे. सरांचे गुडघे गेले, सर घरी बसले, आणि गेल्या महिन्यात मॅडम आल्या. मॅडम कमी बोलायच्या, हात सफाईचा, कुणावर ओरडायच्या नाहीत. मोठ्या माणसांची ऑपरेशनं रोज चालू होती. त्यांत वजाबाकी नसते, त्यामुळे काकूंची चिठ्ठी आणि मॅडमचा हात असं छान जमून गेलं होतं. बाळ म्हणजे हा टकलूच पहिला.

एरवी चिठ्ठी दिली की काकू यंत्र ढकलत बाहेर जायच्या. दारापलीकडे दुसरे पेशंट खोळंबलेले असायचे. आज यंत्राच्या गाडीचं एक चाक अडकलं. काकू वाकून ते सोडवत बसल्या, मनातल्या मनात चाकाला चार शिव्या घालत. इकडे मॅडमचं काम सुरू झालं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून त्या पुटपुटत होत्या, "छान… आलं… निघालं सगळं." मोतीबिंदू निघाला होता. चाकही निघालं. काकू उठल्या.

"लेन्स द्या," मॅडम म्हणाल्या.

सिस्टरनं डबी हातात घेतली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली, "डावा डोळा. लेन्स बावीस."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

काकू दारापाशी थबकल्या. बावीस? सिस्टरनं चुकून भलतीच डबी काढली की काय? त्या चटकन मागे वळल्या आणि तिच्या कानाशी लागल्या. "अगं, सत्तावीस. चिठ्ठी बघ."

"चिठ्ठीवर सत्तावीसच आहे," सिस्टर कुजबुजली. "पण काढायला बावीस सांगितली मॅडमनी. बाळ आहे ना, कमी करतात म्हणे."

इथे वाढ कोण धरतं?

टकलूची फाईल टेबलावर उघडी होती. काकूंनी मागचं पान काढलं, उजव्या डोळ्याचं. वर त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच गोलात, अठ्ठावीस. खाली लेन्सच्या डबीवरचं चिकटवलेलं लेबल. साडेबावीस. गेले तीन आठवडे ही फाईल दहा वेळा त्यांच्या हातातून गेली असेल. कुठली लेन्स बसवली ते लेबल बघणं आपलं काम नव्हे, ते डॉक्टरांचं. आपण आकडा द्यायचा. सव्वीस वर्षांत काकूंनी एकदाही त्या लेबलाकडे पाहिलं नव्हतं, कारण पाहायची गरजच काय?

म्हणजे नऊच होते. पोर रडत होतं तरी नऊच होते. आणि आपण त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आता मूग गिळून बसलं तर? हे काकूंच्या मनात आलं, उगाच लपवायचं कशाला. अर्धा क्षण आलं. कुणालाही कळणार नव्हतं. चिठ्ठीवरचा आकडा त्यांच्या परीनं बिनचूक होता. नंबर नऊ का आला, याला बाळाचा डोळा, सूज, रडणं अशी शंभर कारणं तयार होती, आणि बाळांच्या डोळ्यांत दोन-चार नंबर इकडेतिकडे होतातच, हे तर सगळेच म्हणतात. सिस्टर डबीचं झाकण उघडायला लागली.

"थांब!" काकू ओरडल्या. ऑपरेशनच्या खोलीत कुणी ओरडत नाही. सिस्टरच्या हातून डबी पडता पडता राहिली. "मॅडम, थांबा. लेन्स घालू नका."

मॅडमनी डोकं वर केलं नाही, पण त्यांचे हात जागच्या जागी थांबले. "काय झालं काकू?"

"चिठ्ठीवर मी सत्तावीस लिहिलेत."

"वाचले. त्यातून वीस टक्के कमी केले. बावीस."

"ते मी आधीच केलेत."

मॅडमनी आता डोकं वर केलं. मास्कवरून दिसणारे त्यांचे डोळे बघून काकूंना कुठे तोंड लपवू असं झालं.

"आधीच म्हणजे?"

"पुरेपूर नंबर चौतीस आला. कमी करून सत्तावीस. मोठ्या सरांना तसाच लागायचा."

"आणि उजवा?"

"उजव्याचे पस्तीस होते. चिठ्ठीवर अठ्ठावीस होते ते कमी केलेलेच होते."

"मी साडेबावीस घातली," मॅडम सावकाश म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला, या महिनाभरात पहिल्यांदाच. "लिहायला काय झालं होतं काकू? दोन शब्द! वजा केले आहेत, एवढंच!"

"आणि तुम्हाला विचारायला काय झालं होतं?" काकूंच्या तोंडून निघून गेलं. "पहिलंच बाळ होतं ना तुमचं इथलं?"

"भांडण नंतर," भूलवाले डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात आता मिश्किली नव्हती. "हवं तर चहा मी पाजतो. सहा किलोचं पोर आहे. किती वेळ हवाय ते सांगा."

"पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "काकू, उजवा बघा. आत्ता. नऊ की पाच?"

भूलवाल्या डॉक्टरांनी आपल्या बाजूनं उजव्या डोळ्यावरची चादर खालून उचलून धरली. काकूंनी पुन्हा ती पट्टीची बॅटरी घेतली. त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं. पोर आज रडत नव्हतं, मान हलवत नव्हतं. काकूंना सांगायला काही सबबच उरली नव्हती. एक भिंग, दुसरं भिंग.

"नऊ," त्या म्हणाल्या.

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले.

"आता डाव्यात सत्तावीस घाला," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "निदान एक तरी डोळा—"

"आणि मग? एका डोळ्याचा नंबर पाच, एकाचा नऊ. मेंदू सोपा डोळा उचलेल आणि दुसरा टाकून देईल. पाच महिन्यांचं पोर आहे काकू, त्याचा मेंदू आत्ताच शिकतोय. उजवा कायमचा आंधळा राहील, आत लेन्स असून."

"उजव्यातली बदलली तर? आत्ताच?"

"तीन आठवडे झाले. आत चिकटून बसलीय. एवढ्याशा डोळ्यातून ओढून काढायची म्हणजे…" मॅडमनी मान हलवली. "फाटलं तर हातचं सगळं जाईल. मी नाही करणार." त्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वाकल्या. "डाव्यात बावीसच घालू. दोन्ही सारखे होतील. चष्मा दोन्हीला नऊच्या हिशेबानं, आजच लिहायचा. शाळेत जाईल तेव्हाही भिंगं जाडच असतील. मुलं चिडवतील. पण दोन्ही डोळे चालतील. सिस्टर, वाचा."

सिस्टरनं डबी वर धरली. "डावा डोळा. लेन्स बावीस."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "काकू, तुम्हीही म्हणा."

आयुष्यात काकूंनी चुकीच्या आकड्याला बरोबर म्हटलं नव्हतं. आज तो म्हणावा लागत होता, सगळं समजून-उमजून, कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या चुकीशी आता तोच एक आकडा जुळणार होता.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

लेन्स आत गेली. टाका पडला. डोळ्यावर पट्टी आणि वर जाळीची झाकणी बसली. भूलवाले डॉक्टर टकलूच्या छातीवर टिचकी मारत म्हणाले, "उठा शेठ," आणि टकलूनं बारीकसा कण्हून उत्तर दिलं. कुणी हसलं नाही.

हात धुताना मॅडम काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आईला मी सांगते," त्या म्हणाल्या.

"लेन्सचं तुम्ही सांगा," काकू म्हणाल्या. "नऊचं मी सांगते."

पलीकडच्या खोलीत टकलू आईच्या मांडीवर होता, अजून गुंगीतच. दोघी एकदम येताना पाहून आई उठायला लागली. मॅडमनी तिला खाली बसवलं आणि स्टूल ओढून समोर बसल्या. त्यांनी काही गुंडाळून सांगितलं नाही. वजाबाकी एकदा व्हायला हवी होती, दोनदा झाली. एकदा यांनी केली, एकदा मी. उजव्याला तीन आठवड्यांपूर्वी झाली. आज डाव्याला मुद्दाम तशीच लेन्स घातली, का ते हे असं. हवं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, सगळे कागद मी देते. आई ऐकत होती. तिला सगळं समजत होतं.

मग काकूंनी तोंड उघडलं.

"याच्या उजव्या डोळ्यानं मला दहा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, नऊ म्हणून," त्या म्हणाल्या. "मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा नऊ. पण माझा हिशेब पाच सांगत होता. मला वाटलं, पोर रडतंय म्हणून चुकीचं येतंय. मी माझ्या हिशेबावर विश्वास ठेवला. म्हणून याला सहाचा चष्मा मिळाला. त्यातून याला धड दिसत नव्हतं. तो दोष मॅडमचा नाही. माझा आहे."

आईनं पिशवीत हात घालून तो चष्मा काढला, इलॅस्टिकसकट, आणि हातात धरून उलटसुलट पाहिला.

"सारखा काढायचा हो हा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "दिवसातून पन्नास वेळा. घातला की ओढला, घातला की ओढला. तुम्ही सांगितलं होतंत, काही झालं तरी काढू द्यायचा नाही, नाहीतर डोळा आळशी होईल. मी म्हटलं, हा हट्टीच आहे. मामंजी म्हणाले, अगं, त्रास होत असेल त्याला. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, काकूंनी मोजून दिलाय, चुकायचा नाही."

काकूंना तिथून पळून जावंसं वाटलं.

"काल पुन्हा ओढला," आई म्हणाली. "मी त्याच्या हातावर मारलं. जोरात. चार बोटं उठली. अजून असतील बघा."

तिनं टकलूची बाही वर सारली. मनगटाच्या वर खरंच फिकट लाल वळ होते. मॅडम म्हणाल्या, "लहान मुलं चष्मा काढतातच, बरोबर नंबरचा असला तरी काढतात." म्हणाल्या, कारण ते खरंही होतं. पण त्या खोलीत तेव्हा ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. आई रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. चूक इस्पितळाची, आणि रडत होती ती आपण मारलं म्हणून.

तेवढ्यात टकलू हलला. भूल उतरत होती. त्यानं मान वळवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्याचा हात सवयीनं चेहऱ्याकडे गेला. बोटं झाकणीच्या कडेत अडकली आणि ओढायला लागली.

"धरा, धरा त्याचा हात," मॅडम म्हणाल्या. "पट्टी निघाली तर टाका उचकटेल."

आईचा हात पुढे गेला, आणि मध्येच थांबला.

"मला धरवत नाही," ती काकूंना म्हणाली. "तुम्ही धरा."

काकू खाली बसल्या. त्यांनी तो एवढासा हात आपल्या मुठीत घेतला, वळांना लागणार नाही असा. टकलूनं होता नव्हता तेवढा जोर लावून तो सोडवायचा प्रयत्न केला आणि गळा काढून रडायला लागला. काकूंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. पण त्यांनी हात सोडला नाही.